चौसष्ट संभाषणांची यादी : निक्सन टेप खटल्यात राष्ट्राध्यक्षांचा अधिकार नेमका कुठे अडला

२४ जुलै १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणातल्या त्यांच्या संभाषणांच्या टेप न्यायालयात हजर करायला सांगितले. निकाल ८ विरुद्ध ० असा होता. ‘कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही’ या एका वाक्यात बहुतेक ठिकाणी तो गुंडाळला जातो. ते वाक्य खोटे नाही, पण त्याने काही उलगडत नाही. तत्त्व १९७३ मध्येही तेच होते आणि तरीही त्या वर्षी निक्सन यांनी आपल्यामागे लागलेल्या विशेष सरकारी वकिलाला पदावरून काढले. १९७४ मध्ये त्यांचे घोडे अडले ते तीन गोष्टींमुळे: एक काटेकोर यादी, सरकारने स्वतःच काढलेला आणि अजून रद्द न झालेला एक नियम, आणि गरजेपुरताच मागितलेला आदेश. प्रकरण त्या अंगाने पाहिले, तर राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारावरची मर्यादा प्रत्यक्षात कशी चालते ते कळते.

टेप होत्या तरी कशा

१७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण पकडले गेले. पुढचे वर्षभर वाद एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिला: हे दडपण्यात राष्ट्राध्यक्षांचा हात होता का? व्हाइट हाऊसचे माजी वकील जॉन डीन होता म्हणत, राष्ट्राध्यक्ष नाही म्हणत. शब्दाविरुद्ध शब्द होता.

१६ जुलै १९७३ रोजी निक्सन यांचे माजी सहाय्यक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे जाहीर साक्षीत सांगितले की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातली संभाषणे ध्वनिमुद्रित होतात. फेब्रुवारी १९७१ मध्ये ही यंत्रणा बसवली होती. ओव्हल ऑफिसच्या टेबलातच पाच मायक्रोफोन होते, आणखी दोन शेकोटीपाशी. आवाज झाला की तिथले यंत्र आपोआप सुरू व्हायचे. देखभाल सीक्रेट सर्व्हिसकडे होती. १८ जुलै १९७३ ला ती बंद झाली तोवर सुमारे ३,७०० तासांचे ध्वनिमुद्रण जमा झाले होते.

‘आपोआप’ हा शब्द पुराव्याच्या दृष्टीने फार मोलाचा. टिपण लिहिणारा माणूस काय लिहायचे ते निवडतो. हे यंत्र काहीच निवडत नव्हते, म्हणून शब्दाविरुद्ध शब्द हा पेच त्यातून सुटणार होता.

पहिला प्रयत्न का फसला

वॉटरगेटच्या तपासासाठी नेमलेले विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी २३ जुलै १९७३ रोजी नऊ संभाषणांसाठी समन्स काढले. जिल्हा न्यायाधीश जॉन सिरिका यांनी २९ ऑगस्टला आदेश दिला की टेप आधी आपल्याकडे आणाव्यात, त्या बंद दालनात ऐकल्या जातील. १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने तो मूलतः कायम ठेवला. कागदावर कॉक्स जिंकले होते.

निक्सन सर्वोच्च न्यायालयात गेलेच नाहीत. त्यांनी तडजोड पुढे केली: टेपचा सारांश आम्ही करू, सिनेटर जॉन स्टेनिस टेप ऐकून तो पडताळतील आणि कॉक्स यांनी यापुढे एकही टेप मागायची नाही. कॉक्स यांनी नकार दिला. फौजदारी खटल्यात मूळ टेप उपलब्ध असताना तिचा सारांश पुरावा म्हणून टिकत नाही. तो स्वीकारला असता तर पुढे आरोपींच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी मूळ टेप मागितली असती, आणि ती मिळत नाही म्हणून खटलाच काढून टाकण्याची मागणी केली असती.

२० ऑक्टोबरच्या रात्री कॉक्स यांना काढण्याचा आदेश निघाला. ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय विभागाचे प्रमुख, इलियट रिचर्डसन यांनी तो न पाळता राजीनामा दिला, त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाऊस यांनीही नकार देऊन पद सोडले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी तो अमलात आणला. इथे एक चूक झाली, तिचा परिणाम नऊ महिन्यांनी दिसला. विशेष सरकारी वकिलाला ‘असाधारण गैरवर्तनाशिवाय काढता येणार नाही’ हा नियम त्या रात्री लागू होता. तो २३ ऑक्टोबरला, म्हणजे माणूस काढून झाल्यावर, रद्द करण्यात आला. १४ नोव्हेंबरला न्यायाधीश गेरहार्ड गेझेल यांनी ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. कॉक्स परत आले नाहीत, पण मुद्दा नोंदला गेला: जो नियम तुम्हीच काढला तो रद्द होईपर्यंत तुमच्यावरही बंधनकारक असतो.

जनक्षोभ एवढा उसळला की नऊ संभाषणांच्या बाबतीत व्हाइट हाऊसला माघार घ्यावी लागली. तेव्हा कळले की त्यातली दोन ध्वनिमुद्रितच झाली नव्हती, आणि २० जून १९७२ च्या एका टेपमध्ये साडेअठरा मिनिटे नुसती घरघर होती. न्यायालयाने नेमलेल्या सहा तज्ज्ञांनी जानेवारी १९७४ मध्ये सांगितले की तो भाग किमान पाच आणि कदाचित नऊ वेळा वेगवेगळा पुसला गेला आहे.

त्याच सुमारास सिनेटची चौकशी समितीही पाच टेपांसाठी न्यायालयात भांडत होती. ती हरली. २३ मे १९७४ रोजी अपील न्यायालयाने म्हटले की कायदे करण्याच्या कामासाठी या टेप निर्णायकरीत्या आवश्यक आहेत असे समितीने दाखवलेले नाही. टेप त्याच, विशेषाधिकार, म्हणजे आपली संभाषणे गुप्त ठेवण्याचा राष्ट्राध्यक्षांचा हक्क, तोच. मागणारा कोण आणि कशासाठी, एवढ्यावर उत्तर बदलले. राष्ट्राध्यक्षांच्या गोपनीयतेबद्दल बोलताना हा फरक वारंवार निसटतो.

समन्स कसे बांधले

नवे विशेष सरकारी वकील लिऑन जावोर्स्की नोव्हेंबर १९७३ मध्ये आले, ते लेखी हमी घेऊनच. त्यांच्या अधिकाराच्या नियमात स्पष्ट शब्द होते: विशेषाधिकाराच्या दाव्याला न्यायालयात आव्हान द्यायचे की नाही हे तेच ठरवतील, आणि संसदेच्या आठ नेमून दिलेल्या नेत्यांचे एकमत असल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष त्यांना काढणार नाहीत.

१ मार्च १९७४ रोजी ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सात जणांवर आरोप ठेवले. माजी ॲटर्नी जनरल जॉन मिचेल, व्हाइट हाऊसचे माजी कर्मचारीप्रमुख एच. आर. हाल्डमन आणि सल्लागार जॉन एर्लिकमन त्यांत होते. निक्सन यांचे नाव ‘आरोप न ठेवलेले सहकटवाले’ म्हणून सीलबंद नोंदले गेले. पदावरील राष्ट्राध्यक्षांवर खटला भरता येत नाही असे न्याय विभागाचे लेखी मत सप्टेंबर १९७३ पासून होते, ग्रँड ज्युरीला निक्सन यांच्यावरच आरोप ठेवायला न सांगता जावोर्स्की यांनी ही मधली वाट धरली. ती नुसती सोय नव्हती. कटातल्या एकाचे कटाच्या ओघातले बोलणे दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून चालते, त्यामुळे निक्सन यांचे टेपवरचे शब्द इतरांच्या खटल्यात आत येण्याचा दरवाजा या नोंदीने उघडला.

१८ एप्रिलला जावोर्स्की यांच्या अर्जावर सिरिका यांनी समन्स काढले, ६४ संभाषणांसाठी. ते फौजदारी प्रक्रियेच्या नियम १७(सी) खाली होते. या नियमाखाली खटल्याआधी वस्तू मागायची तर तीन कसोट्या पार कराव्या लागतात: ती खटल्याशी संबंधित हवी, पुरावा म्हणून ग्राह्य हवी आणि नेमकी ओळखता यायला हवी. ‘वॉटरगेटविषयीच्या सगळ्या टेप द्या’ अशी मागणी तिसऱ्या कसोटीलाच कोसळली असती. न्यायालये त्याला मासेमारी म्हणतात, म्हणजे काही सापडते का पाहायला टाकलेले जाळे, आणि राष्ट्राध्यक्षांविरुद्ध तर असा अर्ज टिकण्याची शक्यताच नव्हती.

यादी करणे जमले ते व्हाइट हाऊसच्याच दप्तरामुळे. राष्ट्राध्यक्षांच्या दैनंदिन नोंदवह्या आणि भेटींच्या नोंदी आधीच सरकारी वकिलांच्या हाती आल्या होत्या. कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता आत गेला आणि कधी बाहेर पडला, हे त्यात मिनिटामिनिटाने लिहिलेले. आत काय बोलले गेले ते वहीत नव्हते, पण समन्सला तेवढे पुरे होते. काही संभाषणांबद्दल त्यात हजर असलेल्यांची शपथेवरची साक्ष होती. बाकीच्यांबाबत हजर माणसे, वेळ आणि आधी-नंतरच्या घटना एकत्र मांडून संबंध दाखवला गेला. या प्रकरणातले सगळ्यात कसबी काम मला हेच वाटते, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिले जाते.

२९ एप्रिलला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर येऊन घोषणा केली आणि ३० एप्रिलला ४३ संभाषणांची संपादित लिखिते जाहीर केली, बाराशेहून अधिक पाने. हेतू दबाव कमी करण्याचा होता, पण समन्समधल्या २० संभाषणांचे भाग त्यात होते. गुप्ततेसाठी अडून बसलेल्या पक्षाने स्वतःच एवढे छापल्यावर उरलेल्या ४४ विषयी ‘बाहेर गेले तर अनर्थ होईल’ हा दावा दुबळा झाला. दुसऱ्याच दिवशी समन्स रद्द करण्याचा अर्ज आला. २० मे रोजी सिरिका यांनी तो फेटाळला.

मग वेळेचे गणित होते. खटल्याची तारीख ९ सप्टेंबर. नेहमीच्या वाटेने अपील न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय असे गेले असते तर ती तारीख हुकली असती. २४ मे रोजी जावोर्स्की यांनी मधली पायरी वगळून थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३१ मे ला ती मान्य झाली, ८ जुलैला सुमारे तीन तास युक्तिवाद झाला. सोळा दिवसांत निकाल आला.

आक्षेप आणि उत्तरे

राष्ट्राध्यक्षांचे वकील जेम्स सेंट क्लेअर यांचा पहिला आक्षेप हुशारीचा होता. सरकारी वकील हा कार्यकारी शाखेचा नोकर, राष्ट्राध्यक्ष त्या शाखेचे प्रमुख. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातला घरचा वाद न्यायालयाने का ऐकावा? यावर न्यायालयाने १९५४ च्या अकार्डी निकालाचा आधार घेतला. ते प्रकरण एका परदेशी माणसाच्या हद्दपारीचे होते, राष्ट्राध्यक्षांशी त्याचा संबंध नव्हता. त्यात ठरले होते की सरकारने नियम करून एखाद्याला स्वतंत्र अधिकार दिला, तर तो नियम लागू असेपर्यंत सरकारलाही तो मोडता येत नाही. ॲटर्नी जनरलना नियम मागे घेता आला असता. त्यांनी घेतला नव्हता, म्हणून जावोर्स्की यांना न्यायालयाच्या दारात उभे राहता आले. ऑक्टोबरातल्या त्या चुकीनंतर हमी आणखी घट्ट केली गेली होती, तिचे मोल इथे दिसले.

दुसरा मुद्दा तांत्रिक. समन्सचा आदेश अंतिम मानला जात नाही, अपील हवे तर आधी तो मोडायचा आणि अवमानाची शिक्षा ओढवून घ्यायची, असा रिवाज आहे. राष्ट्राध्यक्षांना केवळ अपिलासाठी अवमान करायला लावणे दोन्ही शाखांना शोभणार नाही, असे म्हणून न्यायालयाने हा अपवाद केला. इथे सवलत राष्ट्राध्यक्षांना मिळाली, आणि ती योग्य होती.

नियम १७(सी) च्या तिन्ही कसोट्या समन्सने पार केल्या. मुख्य लढाई विशेषाधिकाराची होती. सेंट क्लेअर यांचे म्हणणे, तो पूर्ण आहे आणि कुठे लागू होतो हे राष्ट्राध्यक्षच ठरवतील. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या निकालाने दोन्ही भाग वेगळे केले. कायदा काय आहे हे सांगणे न्यायालयाचेच काम, हे १८०३ च्या मार्बरी निकालापासूनचे. पण विशेषाधिकार अजिबात नाही असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. सल्लागार मोकळेपणाने बोलायचे तर गुप्तता लागते, ती राज्यघटनेतील अधिकारविभागणीतूनच येते आणि सुरुवातीला ती गृहीत धरायची, असे सर्वोच्च न्यायालयाने या निकालातच पहिल्यांदा ठामपणे मान्य केले. या निकालाने विशेषाधिकार संपला असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. मान्यता आणि मर्यादा त्याला एकाच दिवशी मिळाल्या.

तराजूत एका बाजूला होता गुप्ततेचा सर्वसाधारण दावा: लष्करी, राजनैतिक वा सुरक्षेचे कोणतेही विशिष्ट गुपित सेंट क्लेअर यांनी पुढे केले नव्हते. दुसऱ्या बाजूला, चालू फौजदारी खटल्यातली दाखवून दिलेली, नेमकी गरज. नेमकेपणाने मोघमपणावर मात केली. एखाद्या संभाषणात खरोखर परराष्ट्रविषयक गुपित आहे असा दावा असता, तर त्या संभाषणापुरता निकाल वेगळा लागू शकला असता.

आठही न्यायमूर्ती एकत्र होते. त्यांतले तिघे, बर्गर, ब्लॅकमन आणि पॉवेल, निक्सन यांनीच नेमलेले होते. विल्यम रेन्क्विस्ट यांनी आधी निक्सन यांच्या न्याय विभागात मिचेल यांच्या हाताखाली काम केले होते, म्हणून ते बाजूला राहिले.

आदेशाची मापे

टेप थेट सरकारी वकिलांच्या हाती जाणार नव्हत्या. त्या आधी सिरिका यांच्याकडे, बंद दालनात. ते ऐकणार, संबंधित आणि ग्राह्य तेवढेच वेगळे काढणार, बाकीचे सीलबंद करून परत पाठवणार. जे निवडले गेले नाही त्यातले अक्षरही कोणापुढे उघड करायचे नाही, अशी ताकीद निकालातच आहे. दिवाणी दाव्यांचे काय, संसदेने मागितले तर काय, हे प्रश्न न्यायालयाने सोडून दिले. ग्रँड ज्युरीला राष्ट्राध्यक्षांचे नाव सहकटवाले म्हणून घेण्याचा अधिकार होता का, या निक्सन यांच्या उलट अर्जावरही उत्तर दिले नाही, निकालासाठी त्याची गरज नव्हती. एवढ्या टोकाच्या प्रकरणात आठ मते एकत्र राहिली याचे मोठे श्रेय मी या आखडत्या हाताला देतो.

त्याच संध्याकाळी सेंट क्लेअर यांनी आदेश पाळला जाईल असे जाहीर केले. ३० जुलैला पहिल्या टेप सिरिका यांच्याकडे पोहोचल्या. दरम्यान २७ जुलैला प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने महाभियोगाचे पहिले कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केले होते. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाचे लिखित बाहेर आले. घरफोडीनंतर सहाव्या दिवशी हाल्डमन सांगत होते की पैशाचा माग लागतो आहे, तेव्हा सीआयएच्या उपप्रमुखांमार्फत एफबीआयला तपासापासून दूर राहायला सांगावे. निक्सन यांनी होकार दिला होता. दडपादडपीबद्दल मार्च १९७३ मध्ये कळले, असे ते सांगत आले होते. समितीत विरोधात मत दिलेले रिपब्लिकन सदस्यही आता फिरले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले, ८ सप्टेंबरला जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली. खटला मात्र इतरांवर चालला. १ जानेवारी १९७५ रोजी मिचेल, हाल्डमन, एर्लिकमन आणि रॉबर्ट मार्डियन दोषी ठरले. मार्डियन यांची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली, केनेथ पार्किन्सन निर्दोष सुटले.

हीच टेप आज

१९७४ चा निकाल पुराव्याबद्दल आहे. राष्ट्राध्यक्षांवर स्वतःवर खटला भरता येतो का, हा प्रश्न त्याने सोडवला नाही. तो १ जुलै २०२४ रोजी ट्रम्प विरुद्ध अमेरिका या प्रकरणात ६ विरुद्ध ३ मतांनी सुटला, आणि मला ते उत्तर चुकीचे वाटते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाने तीन वर्ग केले: राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांनाच दिलेल्या गाभ्याच्या अधिकारांत पूर्ण संरक्षण, बाकीच्या अधिकृत कृतींना निदान गृहीत धरलेले संरक्षण, आणि अनधिकृत कृतींना काहीच नाही. कृती अधिकृत की अनधिकृत हे ठरवताना हेतू तपासायचा नाही. ज्या अधिकृत कृतीबद्दल संरक्षण आहे ती राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या दुसऱ्या आरोपात पुरावा म्हणूनही आणायची नाही. या शेवटच्या भागाला बहुमतातल्याच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी साथ दिली नाही.

२३ जूनची टेप या चाळणीतून काढून पाहा. हाल्डमन हे व्हाइट हाऊसचे कर्मचारीप्रमुख. सीआयए आणि एफबीआय दोन्ही कार्यकारी शाखेत, आणि एफबीआय तर न्याय विभागातच. न्याय विभागाशी तपासाबद्दल राष्ट्राध्यक्षांनी बोलणे हे २०२४ च्या निकालात पूर्ण संरक्षणाखाली आहे. सीआयएमार्फत एफबीआयला थांबवणे त्याच वर्गात पडते असा युक्तिवाद बचाव पक्ष पहिल्याच दिवशी करील, आणि हेतूला हात लावता येत नसल्याने ‘हे स्वतःच्या बचावासाठी केले’ हे सरकारी पक्षाचे सर्वात जोरकस म्हणणे मांडताच येणार नाही.

१९७४ चा निकाल मात्र रद्द झालेला नाही. हाल्डमन यांच्या जागी आज कोणी आरोपी असता, आणि यादी तितकीच नेमकी असती, तर टेप न्यायाधीशांच्या दालनापर्यंत आली असती आणि त्या सहकाऱ्याविरुद्ध वाजवण्यासाठी सरकारी पक्षाला त्याच तीन कसोट्यांवर उभे राहता आले असते. तिच्यावरचा दुसरा आवाज ज्याचा, त्याच्या स्वतःच्या खटल्यात ती बहुधा दाराबाहेरच राहिली असती.